कै. कर्नल मेडोज टेलर : एक चरित्रस्मरण

महोत्सवाच्या शुभप्रसंगी आपल्या परिसराच्या पूर्वेतिहासाचे स्मरण करावे आणि ज्यांनी या भूमीची सेवा केली त्यांची चरित्रे नव्या पिढीपुढे ठेवावी, ही चाल उचित आहे. शिक्षक, वैद्य, देशभक्त व धर्मसेवक यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. पहारेकऱ्याचे चरित्र मात्र क्वचितच कोणी लिहितो. रात्री गाव निजला असता जो जागा राहतो, तो सकाळी कोणाच्या स्मरणात नसतो. पोलीस अधिकारी सेवेत असेपर्यंत त्याचे भय किंवा अगत्य असते. निवृत्त होताच त्याचे नाव विस्मृतीत जाते, आणि त्याच्या घरच्या माणसांनी किती रात्री वाट पाहिली याचा हिशेब तर कोणीच ठेवीत नाही. म्हणून आमच्या वाचकांपुढे आज अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत की, ज्याने ऐन तारुण्यात पोलीस खात्याचा अधिकार चालविला, उत्तर वयात आपल्या मुलींच्या सान्निध्यात लेखनकार्य केले, आणि ज्याचा आपल्या हिंगोलीशी विलक्षण संबंध आला. हिंगोली आज स्वतंत्र जिल्हा असला, तरी १ मे १९९९ पर्यंत तो भाग परभणी जिल्ह्यातच मोडत होता, हे वाचकांस विदित आहेच. हा पुरुष म्हणजे कर्नल फिलिप मेडोज टेलर होय.

टेलर यांचा जन्म इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी ता. २५ सप्टेंबर १८०८ रोजी झाला. वडील व्यापारी होते, परंतु व्यापारात खोट येऊन घरची स्थिती खालावली. मुलगा लहान वयातच कचेरीत कारकुनीस लागला, आणि पंधरा वर्षांचा असतानाच मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरीसाठी त्याची रवानगी झाली. पुढे भागीदारी मिळेल अशी आशा दाखविण्यात आली होती. १८२४ च्या सप्टेंबरात तो मुंबईस उतरला, तो पेढीची अवस्था पोकळ असल्याचे आढळले. घर सहस्रावधी कोस दूर, हाती पैसा नाही, आणि ज्या आधारावर समुद्र ओलांडला तो आधारच खोटा ठरलेला, अशी त्या पोरवयातील मुलाची स्थिती झाली. सुदैवाने मुंबई सरकारात एक आप्त मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या खटपटीने निजाम सरकारच्या फौजेत त्याला अधिकारपद मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस, अवघ्या सोळाव्या वर्षी, तो औरंगाबादेस रुजू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टेलर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरचे नव्हते. ते निजामाच्या चाकरीतील स्थानिक अधिकारी होते. कंपनीच्या नोकरांस जे मान, जी बढती व जे निवृत्तिवेतन सहज मिळे, ते अशा अधिकाऱ्यांस मिळत नसे. त्यामुळे जे काही मिळवावयाचे ते स्वतःच्या कर्तबगारीवर, हे त्यांना पहिल्यापासूनच उमजले होते. त्यांनी हिंदुस्थानी भाषा मन लावून आत्मसात केली, आणि पुढे रयतेशी बोलताना त्यांना दुभाष्याची गरज उरली नाही. गावच्या पाटलाशी, बाजारातील वाण्याशी, वाटेवरच्या यात्रेकरूशी ते स्वतः बोलत. इतर साहेब लोकांस जे कधीच ऐकू येत नसे ते यांना ऐकू येई. पोलीस अधिकाऱ्यास यापरते दुसरे शस्त्र नाही.

या भाषाज्ञानामुळेच वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलीस खात्याचे दुय्यम अधिकारी नेमण्यात आले. मुलूख विस्तीर्ण, वाटा ओसाड, दरोडेखोरांचा सुळसुळाट, आणि अधिकारी केवळ मिसरूड फुटलेला तरुण! घोड्यावर बसून ते गावोगाव फिरत, तक्रारी ऐकत व गुन्ह्यांचा माग काढीत. श्रीक्षेत्र तुळजापूरच्या भागात खोटी वजने वापरून यात्रेकरूंना नाडणाऱ्या धान्यविक्यांना त्यांनी जरब बसविल्याची हकीकत त्यांच्या आत्मचरित्रात आली आहे. ही गोष्ट लोकांनी इतकी मनात धरली की, पाव शतकानंतर ते त्याच मुलुखात पुन्हा आले तेव्हा जुन्या माणसांनी त्यांना ओळखले, आणि महादेव बाबा या नावाने त्यांचा जयजयकार केला. दरोडेखोर पकडणाऱ्याचे नाव एखादे वेळी विसरले जाईल, परंतु गरिबाच्या शेरभर पिठातली चोरी थांबविणाऱ्याचे नाव गरीब विसरत नाही.

परंतु हे काम त्यांच्या हाती फार दिवस राहिले नाही. १८२९ साली निजामाच्या गादीवर नवे अधिपती आले, आणि मुलकी कारभारातून इंग्रज अधिकारी काढून घ्यावेत अशी इच्छा त्यांनी प्रदर्शित केली. त्याप्रमाणे टेलर यांस पोलीस खाते सोडून पलटणीत परतावे लागले. त्या सुमारास आपल्या मुलुखात वाटसरूंचे मुडदे सापडत असून मारणाऱ्यांचा मात्र मागमूस लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते व त्यांनी चौकशीस आरंभही केला होता. चौकशी अपुरी राहिली. आणखी थोडा अवधी मिळता तर ते भयंकर रहस्य आपल्याच हातून उघडकीस आले असते, ही खंत त्यांनी वृद्धपणी नमूद करून ठेवली आहे.

ते रहस्य म्हणजे ठगी. वाटसरूंच्या तांड्यात सज्जनाच्या वेषाने सामील व्हावे, चार दिवस एकत्र जेवावे, गप्पागोष्टींनी विश्वास संपादन करावा, आणि योग्य जागा येताच रुमालाचा फास टाकून सर्वांचे प्राण घ्यावे व तेथेच पुरून पुढे चालू लागावे, असा ठगांचा क्रम असे. जबलपूरकडे स्लीमन यांनी माफीच्या साक्षीदारांच्या आधारे या टोळ्यांचा तपास चालविला, आणि त्याचे धागे १८३० नंतर निजामाच्या राज्यापर्यंत येऊन पोहोचले. तेव्हा टेलर यांनी आपण होऊन या कामी आपली सेवा देऊ केली, व पकडलेल्या लोकांच्या जबान्या लिहून घेतल्या.

आता हिंगोलीची हकीकत सांगितली पाहिजे. हिंगोली हे त्या काळी निजामाच्या कंटिंजंट फौजेचे एक प्रमुख ठाणे होते; ही छावणी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होती. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. अंमलदारांचा त्याच्याशी देवघेवीचा व्यवहार असे, आणि खुद्द टेलर यांनीही त्याच्याशी व्यवहार केला होता. हाच हरिसिंग त्या भागातील ठगांचा नायक निघाला! एकदा त्याने मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी कापड घेऊन येत आहे, हे त्यास ठाऊक होते. त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व जनावरे हाकणाऱ्यांस त्याने वाटेत ठार केले, माल त्याच परवान्यावर छावणीत आणला, आणि उघड्या बाजारात विकला. सरकारी शिक्क्याचा कागदच खुनाचे साधन झाला. तो पकडला जाऊन स्वतः कबुली देईपर्यंत कोणास संशयदेखील आला नाही.

एवढ्यावरच हे संपले नाही. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत, ऐन बाजारात, या टोळीने अनेकांचे बळी घेतले होते, आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम ५०० यार्डांवर पुरली होती. नदीस मिळणारा एक कोरडा ओहोळ, शेजारच्या खेड्याकडे जाणाऱ्या वाटेलगत, चराएवढाच रुंद व तेवढाच खोल. त्यात ही थडगी होती. माफीचे साक्षीदार अगदी थंडपणे एकेक जागा दाखवीत गेले, आणि प्रत्येक खड्ड्यातून अनेक प्रेते निघू लागली. टेलर तेथे समक्ष हजर होते. पाहणाऱ्यांचे अंतःकरण इतके विटले की, पुढील खोदकाम त्यांनी सोडूनच दिले.

या प्रसंगाचे मर्म टेलर यांनी आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही हकीकत देऊन जगापुढे मांडले आहे. पहारा होता, शिपाई होते, अंमलदार होते, दर रात्री गस्त होती. आणि तरीही पाचशे यार्डांवर मनुष्ये पुरली जात होती. का? तर पहारा बाहेरून येणाऱ्या शत्रूवर होता, आणि वैरी आत बसून नमस्कार करीत होता. शिवाय जे मारले गेले ते परगावचे वाटसरू होते. त्यांची वाट पाहणारी बायकामुले शेकडो कोसांवर होती, आणि त्यांच्या अश्रूंची फिर्याद हिंगोलीच्या कचेरीपर्यंत पोहोचण्यास मार्ग नव्हता. ज्याचे कोणी विचारणारे नाही त्याचे रक्षण करणे, हीच खऱ्या पोलिसाची कसोटी. हा धडा आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून निघालेला आहे.

विवेकी वाचकांसाठी येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. ठगांविषयी त्या काळच्या अंमलदारांनी जे लिहिले ते सर्वच जसेच्या तसे स्वीकारू नये, असे आधुनिक इतिहासकारांचे मत आहे. तपास मुख्यतः माफीच्या साक्षीदारांवर अवलंबून होता. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होताच जन्मठेप देता येऊ लागली. अशा व्यवस्थेत निरपराधीही भरडले गेले असणे असंभवनीय नाही. आणि सारे ठग एकाच पंथाचे व एकाच संघटनेचे होते हे म्हणणेही आता शंकास्पद मानले जाते. परंतु वाटेवर मनुष्ये मारली जात होती, आणि हिंगोलीच्या ओहोळातून प्रेते निघाली, हे त्यांनी स्वतः पाहिलेले सत्य उरतेच.

या जबान्यांच्या आधारे टेलर यांनी एका ठगाचे कल्पित आत्मनिवेदन लिहिले. ते १८३९ साली, ते रजेवर विलायतेत असताना, प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. तरुण व्हिक्टोरिया राणीने छापखान्यातून निघणारे फर्मे आगाऊ मागवून वाचल्याचे प्रसिद्धच आहे.

आता त्यांच्या गृहजीवनाकडे वळू. त्यांचा विवाह १८३२ च्या सुमारास हैदराबादचे प्रख्यात पेढीवाले विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी झाला. पामर यांची माता उत्तर हिंदुस्थानातील एका खानदानी मुसलमान घराण्यातील होती; अर्थात मेरीच्या अंगी या देशाचे रक्त होते. पामर यांची पेढी तोपर्यंत बुडालेली होती, तेव्हा धनाच्या आशेने हा संबंध जुळला असे कोणी म्हणू शकणार नाही. १८४० साली टेलर सपत्नीक परत आले. परंतु हे सौख्य फार वर्षे लाभले नाही. शोरापूरच्या कामगिरीच्या काळातच मेरीचा अंत झाला. टेलर तेव्हा चाळिशीच्याही आत होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. ॲलिस व एमी या दोन कन्या हाच त्यांचा संसार राहिला.

शोरापूर हे आज कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात सुरपूर या नावाने ओळखले जाते. ते बेरड नायकांचे संस्थान होते. राजा मृत्यू पावला होता, राणी व दरबारी यांच्यात कलह माजला होता, आणि गादीचा वारस व्यंकटप्पा नायक अगदी लहान होता. १८४१ साली टेलर यांस तेथील कारभार पाहण्यास पाठविण्यात आले. बारा वर्षे त्यांनी ते संस्थान सांभाळले. कर्ज फेडले, वसुलीची घडी बसविली, रस्ते व तलाव यांची कामे केली. टेकडीवर त्यांनी बांधलेला बंगला आजही टेलर मंझिल म्हणून ओळखला जातो. सोबतीला स्वकीय असे जवळपास कोणी नव्हते. त्या एकांतात या विधुर अंमलदारास तो पोरका बालराजा आप्पा म्हणून, म्हणजे बाप म्हणून, हाक मारू लागला. टेलर यांनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिले, शिकविले, समजाविले, आणि तो सज्ञान झाल्यावर १८५३ साली राज्य त्याच्या स्वाधीन केले.

त्यानंतर त्यांची नेमणूक नळदुर्गच्या भागात झाली, म्हणजे ज्या मुलुखात तरुणपणी पोलीस अधिकारी म्हणून ते फिरले होते, तेथेच. १८५३ च्या तहाने निजामाने हा धाराशिव प्रांत इंग्रजांकडे सोपविला होता. तेथे त्यांनी जमिनीची पाहणी, रस्ते व पाण्याची कामे हाती घेतली. १८५७ च्या धामधुमीत त्यांना वऱ्हाडात बुलढाण्यास धाडण्यात आले, आणि बरोबर देण्यास फौज नाही असे स्पष्ट कळविण्यात आले. फौजेवाचूनच त्यांनी तो मुलूख शांत राखला. ते परकीय सत्तेचे सेवक होते आणि ती सत्ता टिकविण्यासाठीच त्यांना तेथे पाठविले होते, हे आपण विसरू नये. परंतु बंदुकीवाचून शांतता राहिली ती लोकांच्या विश्वासामुळे, आणि तो विश्वास तीस वर्षांच्या वागणुकीने मिळविलेला होता, हेही तितकेच खरे.

याच वेळी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग उद्भवला. १८५८ च्या फेब्रुवारीत शोरापूरचा तरुण राजा व्यंकटप्पा उठावात सामील झाला. लढाई झाली, राजा निसटून हैदराबादेस गेला व तेथे पकडला गेला. ज्या मुलाने आप्पा म्हणून हाक मारली, तो आता सरकारचा गुन्हेगार होता. आणि आप्पा हे सरकारचे अंमलदार होते. टेलर त्यास तुरुंगात भेटले. राजाने क्षमेची याचना केली नाही. चोराप्रमाणे फाशी न देता वीराप्रमाणे तोफेच्या तोंडी द्यावे, एवढेच त्याने मागितले, असे टेलर लिहून गेले आहेत. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. टेलर यांनी त्याच्यासाठी रदबदली केली. शिक्षा प्रथम जन्मठेपेवर, आणि नंतर मद्रास इलाख्यातील चेंगलपट येथे चार वर्षांच्या कैदेवर आली. वर्तन नीट राहिल्यास राज्य परत मिळण्याची आशाही ठेवण्यात आली. इतके साधले, परंतु ते व्यर्थ गेले. चेंगलपटास नेत असताना पहिल्याच मुक्कामी, पहाऱ्यावरील अंमलदाराच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. ती त्याने स्वतःच झाडली असे मानले जाते.

कायद्याने जितके वाचविता येईल तितके टेलर यांनी वाचविले. पुढचे त्यांच्या हाती नव्हते. ज्यांच्या घरात पोलीस अधिकारी आहेत त्यांना या प्रसंगाचा अर्थ विशद करून सांगण्याची गरज नाही. हुद्दा आणि नाते यांची गाठ पडते तेव्हा हुद्दा सोडता येत नाही आणि नाते तोडता येत नाही. टेलर यांनी यांपैकी काहीही सोडले नाही. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी राजाचा उल्लेख शत्रू म्हणून केला नाही. हातचा मुलगा गमावलेल्या बापाच्या दुःखाने केला आहे.

१८६० साली प्रकृती पार ढासळल्याने ते विलायतेस परतले, आणि पुढे सेवेतून निवृत्त झाले. मेंदूचा थकवा इतका होता की काही काळ लिहिणे-वाचणेही अशक्य झाले. पण आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ मुलींसह राहू लागल्यावर हळूहळू त्यांस आराम पडला, आणि त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. १६५७, १७५७ व १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावरील तीन कालखंडांवर त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या. पैकी १८६३ सालची तारा ही कादंबरी मराठी वाचकांस विशेष जवळची वाटावी, कारण तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या आहे, आणि तीत छत्रपती शिवाजी महाराज व अफजलखान यांचा काळ वर्णिला आहे. विसाव्या वर्षी ज्या वाटांवरून त्यांनी गुन्हेगारांचा माग काढला, त्याच वाटा साठीच्या उंबरठ्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. १८६९ साली सरकारने त्यांस सी. एस. आय. हा किताब दिला. हिंदुस्थानच्या इतिहासाचे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तकही याच काळातले.

पुढे दृष्टी मंदावत चालली. उष्ण हवेने गुण येईल या आशेने १८७५ च्या सुमारास ते एका कन्येसह पुन्हा हैदराबादेस आले. सालारजंग यांनी त्यांचा आदरसत्कार केला. परंतु येथे तापाने गाठले आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. परतीच्या वाटेवर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंतों या गावी ता. १३ मे १८७६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मागे, १८७७ साली, कन्या ॲलिस हिने सिद्ध करून प्रसिद्ध केले. आज शोरापूरविषयी, नळदुर्गविषयी व पोलीस खात्यातील त्या पहिल्या दिवसांविषयी आपणांस जे कळते, ते बव्हंशी त्या लेकीच्या हातून आलेले आहे.

टेलर हे राजे नव्हते, सेनापतीही नव्हते. पोलिसाचा हुद्दा तर त्यांच्याकडे जेमतेम तीन वर्षे होता. परंतु पहारेकऱ्याची वृत्ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. आणि ज्या ममतेने त्यांनी परक्याचे मूल सांभाळले त्याच ममतेने मुलींनी अखेरीस त्यांना सांभाळले. आपल्या गावातूनही अनेक तरुण पोलीस खात्यात जातात. सणावारी त्यांची पाने वाढलेली राहतात आणि ते बंदोबस्तावर उभे असतात. निवृत्त होऊन ते घरी येतात तेव्हा मुले मोठी झालेली असतात. अशांच्या घरी जावे, त्यांच्या जवळ बसावे, त्यांच्या आठवणी ऐकाव्या, आणि ज्या मुलींना व मुलांना लिहिता येते त्यांनी त्या लिहून ठेवाव्या. हिंगोलीच्या ओहोळात जे निनावी वाटसरू निजले, त्यांचे नाव लिहून ठेवणारे कोणी नव्हते. ज्यांनी त्यांच्यासारख्यांसाठी रात्री जागून काढल्या त्यांची तरी नावे राहावीत. परमेश्वर त्या सर्वांस, आणि कर्नल टेलर यांसही, चिरशांती देवो.